मुखपृष्ठ शाबूत आहे का?

जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याशी उकिडवा बसलेला संग्राहक कथा-कवितांकडे वळायच्या आधी एकच गोष्ट बघतो: मुखपृष्ठ आहे ना? बहुतेक वेळा ते नसतं. वाचनालयात अंक हातोहात फिरायचा, म्हणून बाइंडरकडे जायचा आणि पुठ्ठ्यात बांधून परत यायचा. कडा कापताना चित्रकाराची कोपऱ्यातली सही जायची, कधी अख्खं मुखपृष्ठच जायचं. त्यामुळे मजकूर टिकला. ज्या चित्राकडे बघून लोकांनी अंक उचलला, ते मात्र रद्दीत गेलं.

मराठीत दिवाळी अंकाची प्रथा काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पाडली. पण संग्राहकांची खरी झुंबड उडते ती त्यानंतरच्या काही दशकांतल्या अंकांवर, आणि तिथे दोन नावं पुन्हा पुन्हा ऐकू येतात: दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दोघेही गोव्याचे, दोघेही मुंबईत नावारूपाला आले, आणि दोघांनी स्वतःचे दिवाळी अंकही काढले. दलालांचा ‘दीपावली’ १९४५ पासूनचा, मुळगावकरांचा ‘रत्नप्रभा’. चित्रकारच संपादक झाल्यावर चित्र मजकुराच्या मागे ताटकळत कशाला उभं राहील?

मुळगावकरांच्या देवदेवता आणि नायिका स्प्रेच्या फवाऱ्यातून उतरलेल्या, तुकतुकीत, कुंचल्याचा फटकारा कुठे दिसू न देणाऱ्या. दलालांची रेषा मात्र चालती-बोलती. लघुचित्रांच्या वळणापासून व्यंगचित्रापर्यंत कुठेही सहज जाणारी. यांतलं थोर कोण, यावर रद्दीच्या दुकानात अजून तासभर वाद घालता येतो. प्रस्तुत लेखकाचं मत दलालांच्या बाजूने, पण मुळगावकरांची लक्ष्मी मिळाली तर तीही परत केली जाणार नाही.

भिंग लावलं की आणखी एक मजा दिसते. त्या काळी रंगीत चित्रासाठी पिवळा, लाल, निळा आणि काळा असे वेगवेगळे ब्लॉक करत आणि तोच कागद एकेका रंगासाठी पुन्हा यंत्रातून काढत. एखादा ब्लॉक केसभर सरकला की नायिकेच्या ओठांची लाली ओठांबाहेर येई. छापखान्याच्या दृष्टीने हा दोष. पण संग्राहकाला अशीच प्रत जास्त प्रिय.

‘आवाज’ची गोष्ट निराळी. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या या अंकातली खिडकीचित्रं प्रसिद्ध. कापलेल्या चौकटीतून भलतंच काहीतरी चालल्याचा भास होतो, पान उलटावं तर मामला अगदी निरुपद्रवी. घरोघरी हजारदा उघडझाप झालेली ती खिडकी आज न फाटता सापडणं म्हणजे नशीबच.

म्हणून सुटी मुखपृष्ठंही घेऊन ठेवायची असतात. पुढेमागे त्याच वर्षाचा उघडाबोडका अंक हाती लागतो. मग कण्याची रुंदी जुळते का, वाळलेल्या सरसाचा डाग डागावर बसतो का, हे खिडकीच्या उजेडात धरून पाहायचं.