मनीचं ऑपरेशन

जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात कुणीतरी आमच्या फाटकाशी बुटांचं खोकं ठेवून गेलं. आत मांजराची चार पिल्लं. डोळेसुद्धा उघडले नव्हते! पोरांनी धावत जाऊन दूध आणलं, कापसाच्या बोळ्यानं पाजलं. पण एवढ्याशा पिल्लांना आईची ऊब लागते, रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी दूध लागतं आणि गाईचं दूध त्यांना पचत नाही. चौथ्या दिवशी एकच उरलं. तीच आमची मनी.

खोकं ठेवणाऱ्याचा मला राग आला होता. पण त्याच्या घरी तरी किती पिल्लं ठेवणार?

आम्ही फळ्यावर गणितच मांडलं. मांजर चार-सहा महिन्यांची झाली की तिला पिल्लं होऊ शकतात. पोटात ती नऊ आठवडे वाढतात. वर्षातून दोनदा चार-चार धरली तर आठ. त्यातल्या चार माद्या. पुढच्या वर्षी आई आणि चार लेकी मिळून चाळीस! दोन वर्षांत अठ्ठेचाळीस. 'सगळी जगली तर,' एक मुलगी हळूच म्हणाली. वर्ग गप्प झाला.

यावर उपाय म्हणजे पिल्लं न होण्याचं ऑपरेशन, निर्बीजीकरण. ते जनावरांचे डॉक्टर भूल देऊन करतात. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत ना, बाई?' असं पालकही विचारतात. तशी काही गरज नसते. उलट पुढे गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. बोक्याचं ऑपरेशन केलं तर त्याचं भटकणं आणि मारामाऱ्या कमी होतात. (आमच्या शेजारचा बोका दर आठवड्याला नवा ओरखडा घेऊन येतो!)

रस्त्यावर कानाला खाच असलेला कुत्रा दिसतो ना? त्याचं हे ऑपरेशन झालेलं असतं. त्यासाठी २००१ साली नियम झाले, २०२३ मध्ये नवे आले. पाळलेल्या जनावराचं लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आईबाबांना हे जरूर वाचून दाखवा.

दिवाळीच्या सुट्टीत मनीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं तितके तास तिला उपाशी ठेवलं होतं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात पट्टा घातला, तर बाईसाहेब रुसून पलंगाखाली! दुसऱ्या दिवशी मात्र बोंबलाचा वास आला आणि स्वारी ओट्यापाशी येऊन ओरडायला लागली.