हनोईच्या गल्ल्या आणि आपली तांबट आळी

व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत फिरताना आम्हाला पुण्याच्या पेठाच आठवल्या. जुन्या शहरातील बहुतेक रस्त्यांच्या नावात ‘हांग’, म्हणजे माल, हा शब्द आहे. हांग बाक चांदीचा, हांग थिएक कथलाचा. खेड्यातले कारागीर शहरात येऊन आपल्याच गाववाल्यांच्या शेजारी दुकाने थाटत. त्यातून हे रस्ते वसले. दुचाक्यांची गर्दी मात्र लक्ष्मी रोडला लाजवील!

लाल नदीकाठचे बाट ट्रांग हे कुंभारांचे गाव. हनोईहून शहर बसने जाता येते. तेथे गिऱ्हाईक स्वतः चाकावर बसते, भांडे घडताना बघते आणि घडविणाऱ्याच्या दारातूनच माल घेते. मेहनत डोळ्यांनी पाहिलेला माणूस भावात फार घासाघीस करीत नाही.

आपल्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्यावर हातोडीचा एकेक ठोका देऊन मठारकाम होते. त्याने पत्रा कणखर होतो, चकाकी येते. स्टीलने घरगुती गिऱ्हाईक नेले. आता हाच माल शोभेचा म्हणून शहरी दुकानांत जातो. तेथील भाव आणि आळीतील मजुरी यांत केवढे अंतर! मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे दुसरीकडचा माल मिरजेच्या नावाने विकण्यास कायद्याने आडकाठी आली. पण नाव राखले तरी गिऱ्हाईक कारागिराच्या दारापर्यंत आणावेच लागते.