चालू वेब ॲपमध्ये एल्मचा छोटा तुकडा कसा बसवायचा?

मोबाईलवर कर्जाचा फॉर्म भरताना रकमेच्या जागी 'एनएएन' किंवा 'अनडिफाइन्ड' असलं काहीतरी उमटलेलं कधी पाहिलंय का? हा जावास्क्रिप्टचा जुना आजार. तिला आकडा सापडला नाही तरी ती थांबत नाही, पुढे रेटत राहते.

याहून वाईट म्हणजे दिसायला बरोबर वाटणारा चुकीचा आकडा. फॉर्मच्या चौकटीत तुम्ही जे टाइप करता ते जावास्क्रिप्टला मजकूर म्हणून मिळतं. कर्ज ५०००० आणि फी ५००, यांची बेरीज करायला सांगितली की ती दोन्ही शेजारी-शेजारी चिकटवते: ५००००५००. म्हणजे पाच कोटी पाचशे! पन्नास हजार मागणाऱ्या माणसाच्या पोटात गोळाच येईल.

एका पतसंस्थेच्या रिॲक्टमधल्या ॲपवर काम करताना मला नेमकी हीच भीती होती. अख्खं ॲप नव्याने लिहायला ना वेळ होता ना पैसे. म्हणून फक्त हप्ता काढणारा भाग मी एल्ममध्ये लिहिला.

एल्म ही इव्हान चॅप्लिकी यांनी २०१२ मध्ये आणलेली फंक्शनल भाषा. फंक्शनल म्हणजे काय, तर फंक्शनला तेच आकडे दिले की तेच उत्तर येणार. मधल्या मध्ये कोणी कुठली किंमत गुपचूप बदलत नाही. एल्ममध्ये मजकूर आणि आकडा यांची बेरीज लिहिली तर कंपायलर प्रोग्राम बनूच देत नाही. मजकुराचा आकडा करायला गेलात तर उत्तर 'मेबी' या वेष्टनात येतं: आकडा असेल किंवा नसेल. नसेल तर काय दाखवायचं, हे लिहिल्याशिवाय सुटका नाही. आपल्याकडे हे फार कामाचं, कारण मराठी कीबोर्डवरून कोणी '५०००' असं देवनागरीत टाइप केलं तर दोन्ही भाषांना तो आकडा वाटत नाही. जावास्क्रिप्ट 'एनएएन' घेऊन पुढे जाते. एल्म मात्र विचारते, आता काय करायचं? मी आधी देवनागरी अंक बदलून घेणारं फंक्शन लिहिलं, काम झालं.

आता बसवायचं कसं? एल्मचा कोड शेवटी जावास्क्रिप्टच बनतो, त्यामुळे ब्राउझरला वेगळं काही लागत नाही. 'ब्राउझर डॉट एलिमेंट' वापरायचं. 'ब्राउझर डॉट ॲप्लिकेशन' नको, ते पानाची पूर्ण बॉडी आणि पत्ता दोन्ही ताब्यात घेतं. मग पानावरचा एक रिकामा डिव्ह दाखवून 'इनिट' बोलवायचं.

इथे एक गोम आहे. एल्म त्या डिव्हच्या आत बसत नाही, त्याला काढून त्याच्या जागी स्वतः बसतं. तो डिव्ह रिॲक्टने बनवलेला असेल तर रिॲक्ट पुढे गोंधळतं. म्हणून रिॲक्टला बाहेरचा एक डिव्ह सांभाळू द्या आणि आतला छोटा डिव्ह स्वतः कोडने तयार करून एल्मला द्या. दोन भाडेकरू, दोन कुलपं.

दोघांत बोलणं दोन वाटांनी होतं. सुरुवातीला एकदाच द्यायची माहिती, जसं व्याजदर, ती 'फ्लॅग्ज'मधून. नंतरची देवघेव 'पोर्ट'मधून. वर्षाला १२ टक्के दराने १,२०,००० रुपये २४ महिन्यांसाठी घेतले की हप्ता साधारण ५,६४९ रुपये येतो. तो आकडा एल्म पोर्टमधून बाहेर पाठवतं आणि रिॲक्ट पुढच्या पानावर दाखवतं. बाहेरून येणारं मात्र थेट आकडा म्हणून घेऊ नका. चुकीच्या प्रकारची गोष्ट आली तर जावास्क्रिप्टच्या बाजूला एरर फुटते. ते कच्चं जेसन म्हणून घ्या आणि डीकोडर लावून तपासा.

हा मार्ग काही माझा शोध नाही. इंग्रजी लेखन शिकवणाऱ्या नोरेडइंक या अमेरिकी कंपनीनेही २०१५ पासून चालू ॲपमध्ये एल्म असंच तुकड्या-तुकड्याने आणलं.

तोटेही सांगतो. एल्मची ०.१९.१ ही आवृत्ती २०१९ ची, त्यानंतर भाषेत नवं म्हणावं असं फारसं आलेलं नाही. टीममध्ये एकट्यालाच एल्म येत असेल तर सुट्टी विसरा. आणि एकदा सुरू केलेला तुकडा बंद करायची अधिकृत सोयच नाही. वापरकर्ता त्या पानावर दहा वेळा ये-जा करेल तर दहा तुकडे मेमरीत साचू शकतात, आणि स्वस्त फोनवर ते जाणवतं. माझा उपाय साधा आहे: तुकडा एकदाच सुरू करायचा, पान सोडलं की त्याचा बाहेरचा डिव्ह बाजूला काढून ठेवायचा, आणि परत आलं की तोच पुन्हा जोडायचा.