मोडीत घालण्याआधी

लग्नाचा बस्ता बांधायला तुमच्यातल्या कितीतरी जणी आमच्या गुलमंडीत येतात. येताना पिशवीत चेपलेलं घंगाळ नाहीतर आजेसासूबाईंचा पानाचा डबा असतो. तो मोडीत घालायचा आणि नवं भांडं घ्यायचं. त्यात वावगं काही नाही, अडचणीला पितळच कामी येतं. पण मोडीत घालण्याआधी तेरच्या एका गृहस्थांची गोष्ट ऐका.

तेर धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. गोरोबाकाकांचं गाव म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेच. सुमारे २००० वर्षांपूर्वी त्याचं नाव होतं तगर. त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की पैठणहून पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जातं.

अशा जुन्या गावाची पांढरी म्हणजे भरलेलं कोठारच. धाब्यावर टाकायला माती खणली, की मणी निघतात, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघतात, भाजक्या मातीच्या बाहुल्या निघतात. बहुतेक लोक त्या उकिरड्यावर टाकतात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वर्षानुवर्षं गोळा केल्या. ना पगार, ना सरकारी हुद्दा. पुढे हा संग्रह शासनाकडे गेला आणि आज तेरमध्येच त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे. त्यात २० हजारांहून जास्त वस्तू आहेत.

वस्तू गावातच राहिल्या, हे आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. तेरला हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. म्हणजे त्याआधीच आपल्याकडची कारागिरी समुद्रापार पोचली होती. तेरची मूर्ती कुणा दलालाला विकली गेली असती, तर ती कुठली हेच कळलं नसतं. मग पाँपेईच्या मूर्तीशी तिचं नातं कोण लावणार?

म्हणून पांढरीत काही सापडलं, तर ते चिंच-राखेनं घासू नका. नाण्यावरची अक्षरं त्यानं जातात. कुठे सापडलं, किती खोल, कुणाला, कोणत्या दिवशी, हे आधी लिहा. कायदाही माहीत असू द्या. जमिनीत पुरलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. १०० वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी अशा पुरावस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि त्या परदेशी विकायला तर बंदीच आहे. तो १९७२ चा कायदा. गावात रात्रीच्या गाडीनं येऊन भाव करणारा माणूस हे सांगत नसतो.

आणि घरातल्या वस्तूंचं काय? पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशाच घरगुती वस्तू जमवल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. १९७५ मध्ये त्यांनी तो सगळा संग्रह शासनाला देऊन टाकला. संग्रहालयाच्या नावात लहानपणीच गेलेला मुलगा राजा आहे, केळकर आहेत, कमलाबाई नाहीत. आपल्या वहीत तरी बायकांची नावं आधी येऊ द्या.

वही म्हणजे साधी शंभर पानी. बचत गटाच्या बैठकीत दर महिन्याला एकीनं एक जुनी वस्तू आणावी. ती कुणाची, कुणाच्या लग्नात आली, कशासाठी वापरत, हे लिहावं आणि मोबाईलवर फोटो काढावा. वस्तू पुढे मोडीत गेली तरी एवढं उरेल. सुरुवात गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींपासून करा. जात्याच्या खुंट्याला, उतरंडीतल्या एकेका मडक्याला तुमच्या भागात काय म्हणत, हे त्यांनाच विचारा, आणि त्या जसं बोलतील तसंच लिहा.