विश्लेषण : चिखल, फळ्या आणि खांद्यावर सायकल… हौशी सायकलपटूला ‘सायक्लोक्रॉस’ कसे जमणार?

युरोप आणि अमेरिकेत थंडी सुरू झाली की रस्त्यावरच्या सायकल शर्यती थांबतात आणि चिखलातल्या सुरू होतात. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा सायक्लोक्रॉसचा हंगाम. जगज्जेते ज्या प्रकारात उतरतात, त्याच प्रकारात शेजारच्या बागेत रविवारी सकाळी शाळकरी मुले, चाळिशीतले नोकरदार आणि साठी उलटलेले ज्येष्ठही उतरतात. नोकरी-शिक्षणानिमित्त ब्रिटन, नेदरलँड्स, बेल्जियम, अमेरिकेत राहणाऱ्या मराठी सायकलप्रेमींनाही हे आमंत्रण खुले असते. मात्र ‘मी शेवटचा आलो तर?’ या एका प्रश्नापाशी अनेक जण अडतात. हा प्रकार नेमका काय आहे, पहिल्या शर्यतीत काय घडते आणि कोणती काळजी घ्यावी, याविषयी…

सायक्लोक्रॉस म्हणजे काय?

गवत, चिखल, वाळू, चढ-उतार, पायऱ्या आणि मुद्दाम उभे केलेले अडथळे असलेल्या छोट्या मार्गावर ठरावीक वेळ फेऱ्या मारण्याची ही शर्यत आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या (यूसीआय) नियमांनुसार एक फेरी अडीच ते साडेतीन किलोमीटरची असते. मार्ग किमान तीन मीटर रुंद असावा लागतो आणि त्याचा किमान ९० टक्के भाग सायकल चालवता येण्याजोगा असावा लागतो. उरलेल्या भागात उतरावे लागते, सायकल उचलावी लागते आणि पळावे लागते. एका फेरीत जास्तीत जास्त सहा अडथळे ठेवता येतात. त्यातला ओळखीचा अडथळा म्हणजे एकापाठोपाठ लावलेल्या दोन लाकडी फळ्या. त्यांची उंची ४० सेंटिमीटरपर्यंत असते, म्हणजे साधारण गुडघ्याच्या खाली. पट्टीचे सायकलपटू सायकलसह त्यावरून उडी मारतात. बाकीचे उतरून ओलांडतात.

शर्यत अंतरावर नव्हे, वेळेवर चालते. अव्वल पुरुषांची सुमारे ६० मिनिटे, महिलांची सुमारे ५० मिनिटे. हौशी गटांची बहुधा ३० ते ४५ मिनिटे. पहिल्या फेऱ्यांना किती वेळ लागला हे पाहून पंच एकूण फेऱ्या ठरवतात आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते.

हा खेळ आला कुठून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये याची मुळे सापडतात. हिवाळ्यात अंगात ऊब आणि पायांत ताकद टिकावी म्हणून रस्ता सोडून शेतातून, कुंपणे ओलांडत सायकल दामटण्याची पद्धत होती. एका गावाच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावाच्या मनोऱ्यापर्यंत जाण्याची पैज लागे, असे सांगितले जाते. फ्रेंच लष्करातील डॅनियल गुसो याला १९०२ मध्ये फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवण्याचे श्रेय दिले जाते. १९१० ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझने आपल्या यशात हिवाळ्यातल्या या सरावाचा वाटा असल्याचे सांगितले आणि खेळाचा बोलबाला वाढला. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसमध्ये झाली. ती जिंकणारा जाँ रोबिक हा १९४७ च्या टूर द फ्रान्सचा विजेता होता. महिलांना मात्र जागतिक स्पर्धेसाठी २००० सालापर्यंत थांबावे लागले. पहिले विजेतेपद जर्मनीच्या हांका कुप्फरनागलने मिळवले.

आज या खेळाची पंढरी म्हणजे बेल्जियममधील फ्लँडर्स. कोक्साइडच्या वाळूच्या टेकड्या, झोनहोव्हनचा वाळूचा खड्डा आणि कोपेनबर्गचा चढ ही नावे तिथे लहान मुलांनाही पाठ असतात. वालोनियातील नामूर शहराच्या किल्ल्याच्या उतारावरची शर्यतही तेवढीच प्रसिद्ध.

मोठे सायकलपटू चिखलात का उतरतात?

तासाभराच्या झटापटीत तोल, वेगाचे झटके आणि घसरत्या जमिनीवरचा ताबा यांचा जो कस लागतो, तो रस्त्यावरच्या सरावात लागत नाही. नेदरलँड्सच्या मॅथ्यू व्हान डर पूलने २०२५ मध्ये सातवे जगज्जेतेपद मिळवून बेल्जियमच्या एरिक डी व्लेमिंकच्या विक्रमाशी बरोबरी केली. त्याच व्हान डर पूलने २०२३ मध्ये रस्त्यावरचे जगज्जेतेपदही जिंकले आहे. बेल्जियमचा वाउट व्हान आर्ट २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे सायक्लोक्रॉसचा जगज्जेता होता. २०२२ चा जगज्जेता ब्रिटनचा टॉम पिडकॉक माउंटन बाइकिंगमध्ये दोन वेळा ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेता आहे. महिलांमध्ये नेदरलँड्सच्या मारियाने व्होसच्या नावावर आठ जगज्जेतेपदे आहेत. सायक्लोक्रॉस स्वतः मात्र ऑलिम्पिकपासून दूर राहिले आहे. फ्रान्समध्ये होणाऱ्या २०३० च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्याचा समावेश व्हावा, असा आग्रह ‘यूसीआय’ने धरला होता, पण हिवाळी खेळ बर्फावरचेच असावेत, असा त्यावर आक्षेप घेतला गेला.

नवख्याला कोणती सायकल लागते?

पहिल्या शर्यतीसाठी नवी सायकल घेण्याची गरज नसते. सायक्लोक्रॉसची खास सायकल दिसायला रस्त्यावरच्या सायकलसारखीच, वाकड्या हॅण्डलची. पण टायर खाचांचे आणि चाक व फ्रेममध्ये चिखल अडकू नये म्हणून जागा अधिक असते. यूसीआयच्या शर्यतींत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. स्थानिक शर्यतींत मात्र हा नियम सहसा लावला जात नाही आणि बहुतेक ठिकाणी माउंटन बाइक किंवा ग्रॅव्हल बाइक घेऊन उतरता येते. आयोजकांचे नियम आधी वाचावेत, एवढेच.

सायकलपेक्षा महत्त्वाचा असतो टायरमधील हवेचा दाब. रस्त्यावरच्या बारीक टायरमध्ये ८० ते १०० पीएसआय हवा भरण्याची सवय असलेला नवखा इथेही टायर टणक करून येतो आणि पहिल्याच वळणावर आडवा होतो. चिखल-गवतावर टायर पसरून जमिनीला धरला पाहिजे. त्यामुळे दाब साधारण २० ते ३० पीएसआय ठेवतात. वजन, टायरची रुंदी आणि जमीन पाहून त्यात फरक पडतो. ट्यूब असलेल्या टायरमध्ये दाब फारच कमी केला तर दगडावर किंवा मुळावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि पंक्चर होते. ट्यूबलेस टायरमध्ये हा धोका कमी असतो.

पाण्याची बाटली आणि तिचा स्टँड काढून ठेवावा. पाऊण तासाच्या शर्यतीत पाणी प्यायला हात मोकळा मिळत नाही आणि सायकल खांद्यावर घेताना स्टँड बरगडीत रुततो.

उतरणे, उचलणे, चढणे कसे शिकावे?

सगळे काम सायकलच्या डाव्या बाजूने करायचे, कारण चेन आणि गिअर उजवीकडे असतात. उतरताना उजवा पाय मागून फिरवून डावीकडे आणायचा, डाव्या पेडलवर क्षणभर उभे राहायचे आणि चालत्या सायकलवरून पळत जमिनीवर यायचे. फळ्यांसाठी सायकल वरच्या दांड्याला धरून उचलली तरी पुरते. लांब चढावर किंवा पायऱ्यांवर मात्र उजवा खांदा फ्रेमच्या त्रिकोणात घालून ती खांद्यावर घेतात. परत चढताना डाव्या पायाने हलकी उडी मारून उजव्या मांडीवर बसत सीटवर सरकायचे. नवखे थेट सीटवर आदळतात. ही चूक एकदाच होते.

हा सराव मैदानाच्या कडेला, चालण्याच्या वेगाने, जमिनीवर एक काठी आडवी ठेवूनही करता येतो. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटे, असे महिनाभर केले तरी फरक दिसतो. जोडीला थोडे धावणे हवे; केवळ सायकल चालवणाऱ्यांच्या पोटऱ्या पहिल्या पळण्यातच आखडतात.

शर्यतीच्या दिवशी काय घडते?

सकाळी नावनोंदणी, पाठीवर क्रमांक आणि मग मार्गाची एक-दोन फेऱ्यांची पाहणी. ही पाहणी टाळू नये. कोणत्या वळणावर चिखल आहे, फळ्यांआधी कुठे उतरायचे, कोणता चढ चालवण्यापेक्षा पळून लवकर पार होतो, हे तेव्हाच कळते. तासाभराने, शंभर चाके फिरून गेल्यावर, तोच मार्ग वेगळा झालेला असतो.

सुरुवात सर्वांत तापदायक. पहिले अरुंद वळण आधी गाठण्यासाठी सगळे जीव खाऊन पेडल मारतात. नवख्याने मागच्या रांगेत उभे राहावे आणि या झुंबडीपासून थोडे सुटे राहावे. पहिल्या दोन मिनिटांत सगळी ताकद खर्च केली, तर दुसऱ्या फेरीत पाय चालत नाहीत. इथे रस्त्यासारखा पुढच्याच्या आडोशाचा फायदा फारसा मिळत नाही आणि उतारावरही विसावा नसतो. त्यामुळे हृदयाचे ठोके जवळपास पूर्ण वेळ वरच राहतात. वळणात ब्रेक दाबणे ही दुसरी नेहमीची चूक. वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात चाक मोकळे सोडायचे.

अव्वल सायकलपटूंकडे दोन-तीन सायकली असतात. चिखलाने सायकल जड झाली की ते ‘पिट’मध्ये ती बदलतात आणि पुढच्या वेळेपर्यंत मदतनीस पहिली पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन तयार ठेवतात. हौशी खेळाडूला एकाच सायकलवर निभावावे लागते. शर्यतीनंतर चेन, ब्रेक पॅड आणि बेअरिंग त्याच दिवशी धुऊन पुसले नाहीत, तर खर्चाचा आकडा प्रवेश शुल्काच्या पुढे जातो.

शेवटचा क्रमांक आला तर?

या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या रचनेतच आहे. मार्ग छोटा आणि फेऱ्या अनेक असल्याने पहिला आणि शेवटचा एकाच गर्दीत फिरत असतात. मॅरेथॉनमध्ये किंवा लांबच्या सायकल शर्यतीत मागे पडलेला माणूस एकटा पडतो. रस्ता रिकामा होतो, मंडप उतरवले जातात. इथे कोणी ना कोणी पुढे-मागे असतेच. आघाडीवीराने एक-दोन फेऱ्यांनी मागे टाकले तरी, त्याची शर्यत संपली की पुढच्या वेळी रेषा ओलांडताना मागच्याचीही संपते. तो दोन फेऱ्या कमी मारतो, पण जवळपास त्याच वेळी थांबतो. बघणाऱ्याला कोण कितवा हे कळत नाही आणि दोरीबाहेर उभे असलेले लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवून सगळ्यांनाच ओरडून प्रोत्साहन देतात, थट्टाही करतात.

वरच्या पातळीवर हे चालत नाही. तिथे ‘८० टक्के नियम’ आहे : आघाडीवीर मागून गाठणार, असे दिसताच पंच सायकलपटूला बाहेर काढतात. नवख्यांच्या गटात तो सहसा लावत नाहीत. मात्र मागून वेगवान स्पर्धक येत असेल तर आपली रेषा न बदलता सरळ जात राहावे, अचानक बाजूला होऊ नये. धडक बहुधा या ‘सौजन्या’मुळेच होते.

धोका कितपत?

वेग कमी आणि जमीन मऊ असल्याने बहुतेक पडणे खरचटण्यावर भागते. तरी मनगट आणि गळपट्टीचे हाड यांना इजा होऊ शकते. पडताना हात ताठ टेकू नये. हेल्मेट अर्थातच बंधनकारक.

खरी काळजी हृदयाची. दक्षिण आशियाई लोकांमध्ये हृदयविकार इतरांच्या तुलनेत कमी वयात गाठतो, हे वैद्यकीय अभ्यासांतून दिसून आले आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या चाळिशीच्या माणसाने थंडीत, अंग न तापवता, पाऊण तास कमाल ठोक्यांवर सायकल दामटणे शहाणपणाचे नाही. मधुमेह, रक्तदाब असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. शर्यतीआधी वीस मिनिटे अंग तापवावे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर यांपैकी काही जाणवले तर त्या क्षणी थांबावे. फेरी अर्धी सोडून बाहेर पडण्यात इथे कमीपणा मानत नाहीत.

मग उतरावे का?

प्रवेश सोपा आहे. अनेक ठिकाणी वर्षभराचे सदस्यत्व न घेता एका दिवसापुरती नोंदणी करता येते आणि गट वयानुसार, अनुभवानुसार असतात. एकाच सकाळी आई, वडील आणि मुले वेगवेगळ्या गटांत धावताना दिसतात. सोबत सुके कपडे, टॉवेल, चिखलाच्या बुटांसाठी पिशवी आणि गरम चहाचा थर्मास असला की तयारी पूर्ण. पहिल्या शर्यतीत ध्येय एकच ठेवावे : घंटा ऐकू येईपर्यंत मार्गावर राहायचे. क्रमांकाचा विचार दुसऱ्या शर्यतीपासून करता येतो.