दुकान-गोदामाला लोखंडी जाळी बसवताना



वऱ्हाडात आता शेतीला जोडून कुणाचं कृषी केंद्र आहे, कुणाची पिठाची गिरणी, तर कुणाचं किराणा दुकान. भाव चढेल या आशेनं तूर-हरभऱ्याची पोती आणि कापूसही बरेच जण घरच्याच गोदामात ठेवतात. वर्षाची कमाई एका खोलीत आली, की चोरीची धास्ती लागते. मग अकोल्याला नाहीतर अमरावतीला जाऊन आपण फॅब्रिकेशनवाल्याला पहिला प्रश्न विचारतो, "जाळी काय फुटानं देता?" बंधूंनो, हा प्रश्न शेवटी विचारायचा. त्याआधी खालील गोष्टी पाहून घ्या.

१. खोली चारी बाजूंनी पाहा. समोर भक्कम शटर आणि मागं टिनाचे पत्रे नुसते दगडांनी दाबलेले, तर शटरचा पैसा वाया गेला. चोर कच्ची बाजू शोधतो. पत्रे आधी हुक-बोल्टनं आवळून घ्या, मागची खिडकी व झरोका पाहा आणि मग जाळीचा हिशेब करा.

२. जागेप्रमाणे प्रकार निवडा. दुकानाच्या तोंडाला शटर चालतं. मात्र धान्याच्या खोलीला हवा लागते. खिडकीला पत्रा ठोकून ती बंद करू नका, गजांची जाळी लावा. मोठ्या दाराला सरकतं चॅनल गेट सोयीचं पडतं. त्याच्या खालच्या पट्टीत माती-दाणे अडकतात, म्हणून ती झाडत जा. उंदरासाठी गजांच्या मागं पाव इंची छिद्राची बारीक जाळी वेगळी मारावी लागते.

३. गज मोजून घ्या. उभे गज 12 मिलिमीटरचे चौकोनी असावेत आणि दोन गजांमधलं अंतर 4 इंचांपेक्षा जास्त नसावं. आडव्या पट्ट्या दीड-दीड फुटावर घ्या. पट्टीला भोकं पाडून त्यांतून गज ओवलेले असले तर उत्तम. नुसता वेल्डिंगचा ठिपका दिलेला गज पहारीनं उचकटतो.

4 फूट रुंद, 3 फूट उंच खिडकीला असे 10 गज लागतात व नुसत्या गजांचं वजन 10 किलोच्या थोडं वर जातं. त्याच जागी 10 मिलिमीटरचे गज घातले, तर वजन सव्वासात किलोच्या आत येतं. दिसायला फरक दोनच मिलिमीटरचा, पण वाकण्याला टिकण्याची ताकद सुमारे 40 टक्क्यांनी घटते. म्हणून जाळी काट्यावर वजन करून घ्या.

४. जाळीची खरी ताकद भिंतीत. चौकटीचे होल्डफास्ट शेपटीला फाटे पाडलेले असावेत आणि ते भिंतीत खोल घालून काँक्रीटमध्ये पक्के करावेत. सात दिवस पाणी मारल्यावरच जाळीवर भार द्या. मातीच्या भिंतीत होल्डफास्ट धरत नाही. तिथं आरपार बोल्ट टाकून आतून लोखंडी पट्टी आवळावी. नट आतल्या बाजूस ठेवावेत.

आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असला, तर भिंत हलते, चौकट तिरपी होते आणि गेट अडकतं. गेट बसवण्याआधी पायाचं काम पाहून घ्या.

५. गंज. वेल्डिंगची पापडी खरवडून रेड ऑक्साईडचा हात द्या, वर ऑइल पेंट. खताची पोती जाळीला टेकवू नका. खत ओल धरतं आणि लोखंड खातं.

६. आतला माणूस बाहेर निघाला पाहिजे. हे सर्वांत महत्त्वाचं. 9 मे 2019 रोजी पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथं कापडाच्या दुकानाला आग लागली. आत कामगार झोपले होते आणि दाराला कुलूप बाहेरून होतं. पाच जण गेले. आपल्याकडे तर कापूस, बारदाना, वायरिंग सगळं एकाच छपराखाली असतं. तेव्हा गोदामात रखवालदार किंवा घरचं कुणी झोपत असेल, तर बाहेरून कुलूप कदापि लावू नका. मागच्या एका खिडकीची जाळी बिजागरीवर, बाहेर उघडणारी करून घ्या. माणूस सहज निघेल एवढी ती मोठी असावी. तिचं कुलूप आतून असावं आणि किल्ली जवळच खिळ्याला टांगावी, पण बाहेरून घातलेला हात पोचणार नाही अशी. झोपणाऱ्यानं ती अंधारात एकदा स्वतः उघडून पाहावी. खिडकीपुढं पोत्यांची थप्पी लावू नये.

आता खुशाल भाव विचारा. माल पुढल्या हंगामात पुन्हा पिकेल, माणूस परत येत नाही. जाळी चोराला अडवणारी हवी, घरच्याला कोंडणारी नको.

हे पत्रक जपून ठेवा आणि कारागिराकडे जाताना बरोबर न्या.