कुणी जिंकले नाही, कुणी उतरले नाही

उट्रेख्त, मे २०२१

या महिन्यात आम्स्टरडॅमच्या आयाक्स क्लबने लीगविजेत्यांना मिळणारी ढाल चक्क भट्टीत घातली. वितळलेल्या धातूतून बेचाळीस हजार चिमुकले तारे पाडले आणि वर्षभर घरात बसून टीव्हीपुढे ओरडलेल्या सीझन तिकीटधारकांच्या नावाने एकेक काढला. तारा जेमतेम साडेतीन ग्रॅमचा, आणि त्यात मूळ ढालीचा अंश चिमटीतही न येणारा. मार्केटिंगवाल्यांची करामत म्हणून सोडून देता आले असते. पण इथल्या लोकांना यंदाच्या विजेतेपदाचे एवढे अप्रूप का, हे समजायचे तर एक वर्ष मागे जावे लागते. २०२० साली नेदरलँड्समध्ये फुटबॉलचा विजेताच ठरला नाही. याआधी असे झाले होते १९४५ मध्ये, महायुद्धात.

देशातला पहिला करोना रुग्ण सापडला २७ फेब्रुवारी २०२० रोजी, दक्षिणेकडच्या टिलबर्ग शहरात. तिकडे कार्निव्हल नुकताच उरकला होता. लाखो लोक खांद्याला खांदा लावून नाचून घरी परतले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यातही स्टेडियमे भरलेलीच होती. १२ मार्चला शंभरहून अधिक माणसे जमवण्यावर बंदी आली आणि एरेडिव्हिजी, म्हणजे इथली सर्वोच्च लीग, थांबली. मार्चच्या चौथ्या आठवड्यात तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी जो बंदोबस्त जाहीर केला त्याला त्यांनी ‘बुद्धिमान लॉकडाऊन’ म्हटले. दुकाने उघडी, सायकली रस्त्यावर, फक्त अंतर ठेवा आणि शहाण्यासारखे वागा. त्याच आठवड्यात आपल्याकडे चार तासांच्या सूचनेवर सगळा देश बंद झाला होता, त्यामुळे इथल्या मराठी घरांतून फोनवर चाललेले संभाषण बरेच विचित्र असायचे. नाशिकची आई विचारायची, ‘दूध मिळतंय का रे?’ आणि मुलगा बागेत फेरफटका मारत उत्तर द्यायचा.

लीग थांबली तेव्हा ३४ पैकी २६ फेऱ्या झाल्या होत्या. शिखरावर दोन संघ होते: आयाक्स आणि आल्कमारचा एझेड. दोघांचे २५ सामने, दोघांचे ५६ गुण. आयाक्स म्हणजे इथला श्रीमंत वाड्यातला थोरला. तोवर चौतीस विजेतेपदे खिशात. एझेडकडे दोनच, १९८१ आणि २००९ ची. त्या मोसमाच्या सुरुवातीला, ऑगस्ट २०१९ मध्ये, वादळी वाऱ्याने त्यांच्या स्टेडियमच्या छताचा मोठा भाग कोसळला. सुदैवाने आत कुणी नव्हते. महिनोन्‌महिने त्यांनी ‘घरचे’ सामने हेगमधल्या दुसऱ्याच्या मैदानावर खेळले. डिसेंबरात उघड्या बोडक्या स्टँडसमोर त्यांनी आयाक्सला १-० हरवले, आणि १ मार्चला आम्स्टरडॅमला जाऊन २-० ने पुन्हा. गुण सारखे आणि समोरासमोरच्या दोन्ही लढती एझेडच्या. पण इथल्या नियमात आधी गोलफरक बघतात, आणि तो आयाक्सचा ४५, एझेडचा ३७.

२१ एप्रिलला रुटे यांनी सांगितले की परवाना लागणारे कार्यक्रम १ सप्टेंबरपर्यंत होणार नाहीत. व्यावसायिक फुटबॉल तर प्रेक्षकांविनासुद्धा नाही. युरोपीय संघटना ‘युएफा’ तोवर लीग पुऱ्या करा असा धोशा लावून बसली होती. तिचाही नाइलाज झाला. २४ तारखेला राष्ट्रीय फुटबॉल संघटना केएनव्हीबीने निर्णय दिला. विजेता कुणी नाही. खालच्या लीगमध्ये कुणी उतरणार नाही, वर कुणी चढणार नाही. युरोपातल्या स्पर्धांच्या जागा मात्र गोठलेल्या गुणतक्त्यावरून वाटायच्या.

हा शेवटचा मुद्दा नीट बघा. तोच तक्ता आयाक्सला चॅम्पियन्स लीगचे थेट तिकीट देण्याइतका पक्का, आणि विजेता ठरवायला किंवा बढती द्यायला मात्र कच्चा! त्या तिकिटाची किंमत म्हणजे नुसत्या प्रवेशाचे दीड कोटी युरोंहून अधिक.

हे असे अर्धवट का झाले, हे कळायला डच माणसाची बैठकीची सवय ठाऊक हवी. या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. पाणी उपसून काढलेल्या जमिनीला इथे पोल्डर म्हणतात, आणि बांध राखण्यासाठी तेराव्या शतकापासून पाणीमंडळे आहेत. शेतकरी, सरदार, मठ, सगळ्यांना एका टेबलाशी बसावेच लागे, कारण एकाचा बांध फुटला की सगळ्यांच्या घरात पाणी. पुढे हीच रीत राजकारणात आणि कारखान्यांत आली. १९८२ साली वासेनार गावी कामगार संघटनांनी पगारवाढ आवरती घेतली, मालकांनी कामाचे तास कमी करायचे मान्य केले. तो करार आजही आदर्श म्हणून सांगतात. आमच्या वस्तीतल्या हौशी क्लबच्या कँटीनमध्येही तेच. पालक पाळीपाळीने कॉफी ओततात, बिटरबालन तळतात, आणि गोलपोस्टला रंग कधी लावायचा यावरसुद्धा रीतसर बैठक बसते. कुणी हुकूम सोडत नाही. सगळ्यांचे होईपर्यंत बोलत राहायचे.

केएनव्हीबीनेही तेच केले. निर्णयाआधी व्हिडिओ कॉलवर चौतीस व्यावसायिक क्लबांचा कौल घेतला. प्रश्न एकच: बढती-घसरण व्हावी का? सोळा क्लब म्हणाले व्हावी. नऊ म्हणाले नको. आणि नऊ जणांनी कळवले की आम्हाला काहीच मत नाही. या शेवटच्या नऊंवर माझा खरा राग आहे. बांधावर उभे राहून ‘पाणी कुठूनही जाऊ द्या’ म्हणण्याचा हक्क पोल्डरमध्ये कुणाला नसतो. सोळा ही संख्या नऊच्या पुढची, पण चौतिसाच्या निम्म्याहून कमी. स्पष्ट बहुमत नाही असे म्हणत केएनव्हीबीने आहे ते तसेच ठेवले. एकमत न झाले तर जैसे थे, हे तत्त्व दिसायला निःपक्षपाती. प्रत्यक्षात ‘जैसे थे’चा लाभ नेहमी आत बसलेल्यालाच होतो.

बाहेर कोण राहिले? फ्रीजलंडमधल्या लेउवार्डेनचा कांब्यूर आणि जर्मन सीमेजवळच्या डूटिंखेमचा द ग्राफस्खाप. दुसऱ्या लीगमध्ये कांब्यूरचे २९ सामन्यांत ६६ गुण, द ग्राफस्खापचे ६२. तिसऱ्या क्रमांकापेक्षा कांब्यूर अकरा गुणांनी पुढे. उलट वरच्या लीगमध्ये तळाला असलेल्या आरकेसी वाल्वाइकचे २६ सामन्यांत पंधरा गुण. त्यांच्या जरा वर हेगचा एडीओ. एडीओने संघ वाचवायला डिसेंबरात इंग्लंडहून ॲलन पार्ड्यू यांना आणले होते. त्यांनी आठपैकी एकच सामना जिंकला, आणि विषाणूने संघ वाचवताच चार दिवसांत ते निघून गेले. कांब्यूरचे प्रशिक्षक हेंक डी योंग जाहीरपणे संतापले. हा माणूस लेउवार्डेनमध्ये भयंकर लोकप्रिय. त्याचा संताप म्हणजे अख्ख्या प्रांताचा संताप. आधीच फ्रीजलंडवाल्यांची तक्रार असते की पश्चिमेकडच्या मोठ्या शहरांना आपण दिसत नाही. विदर्भातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

दोन्ही क्लब उट्रेख्तच्या न्यायालयात गेले. १४ मे रोजी निकाल विरुद्ध लागला: असाधारण परिस्थितीत असा निर्णय घेण्याचा अधिकार केएनव्हीबीला आहे. कायद्याने ते बरोबर असेल. न्यायाधीशाने तपासला तो अधिकार. न्याय्य काय, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. उट्रेख्तचा स्थानिक क्लबही चरफडत होता. त्यांचा एक सामना बाकी, शिवाय आयाक्सला हरवून ते चषक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेले. ती १९ एप्रिलची अंतिम लढत झालीच नाही आणि युरोपा लीगची जागा टिलबर्गच्या विलेम टूला गेली.

शेजाऱ्यांनी काय केले? बेल्जियमने लीग थांबवून क्लब ब्रुगेला विजेते ठरवले. फ्रान्सने पॅरिस सेंट-जर्मेनच्या गळ्यात माळ घातली आणि तळाच्या दोघांना खाली ढकलले. जर्मनीने तर १६ मेपासून रिकाम्या मैदानांत खेळायला सुरुवात केली, आणि डूटिंखेममधले लोक टीव्हीवर सीमेपलीकडचा चेंडू बघत बसले. भारतातली आय-लीगही तेव्हा चार फेऱ्या बाकी असताना थांबली होती. पण मोहन बागानने त्याआधीच कुणाला गाठता न येण्याइतकी आघाडी घेतली होती, म्हणून त्यांना विजेते म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही. इथे तसे सोपे नव्हते हे मान्य. आयाक्सला विजेते म्हणायचे तर दोनदा हरलेल्या संघाला म्हणायचे, हे आम्स्टरडॅममध्येही अनेकांना अवघड वाटत होते. विजेता न ठरवणे मला पटते. एझेड आणि आयाक्स दोघेही तर मोसम थांबवा म्हणणाऱ्यांतलेच होते. पटत नाही ते खालचे गणित. अकरा गुणांच्या आघाडीला गोलफरकाची फूटपट्टी लागत नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात. एझेडला चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेऱ्या खेळाव्या लागल्या. सप्टेंबरात ते कीव्हमध्ये डायनॅमोकडून हरले आणि पैशाचे ते दार बंद झाले. आयाक्स थेट गटात खेळला. एडीओ यंदा तळाला जाऊन उतरला, आरकेसी मात्र तगला. कांब्यूरने ९२ गुण मिळवत दुसरी लीग जिंकली आणि वर्ष उशिरा का होईना, वर चढला. द ग्राफस्खापचे या मोसमात ७७ गुण झाले. गो अहेड ईगल्सचेही तेवढेच. बढती गोलफरकाने ईगल्सना गेली. या वेळी डूटिंखेमहून कुणी न्यायालयात गेले नाही. सगळे सामने खेळून झाले होते.